पारा उतरतो, आम्ही चढतो

पुण्यात थंडी पडली, की लोक स्वेटर काढतात आणि मी विज्ञान काढतो. बाथरूममधून नुसती हाक यायचा अवकाश, "अहो, खोबरेल थिजलंय!" खोबरेल २४-२५ अंशांच्या खाली थिजतं, पाणी मात्र गोठताना सुमारे ९ टक्क्यांनी फुगतं, म्हणून फ्रीझरमधली काचेची बाटली तडकते, असं मी दाराबाहेरूनच सुरू करतो. आतून उत्तर येतं, "आधी ही बाटली गरम पाण्यात ठेवा, मग बोला."

पाहुणे आले, की मी थेट १९११ सालात शिरतो. हॉलंडमध्ये लायडनला कामरलिंग ओनेस यांनी पारा उणे २६९ अंशांपर्यंत थंड केला आणि त्याचा विजेला होणारा विरोध एकाएकी नाहीसा झाला. आमच्या सोसायटीच्या सभेत मेंटेनन्सवाढीचा ठराव रात्री साडेअकराला येतो, तेव्हा सभासदांचं नेमकं हेच होतं.

पण माझा हुकमी एक्का म्हणजे कथील. १३ अंशांच्या खाली शुद्ध कथलाची स्फटिकरचना बदलू लागते आणि चकचकीत धातूची हळूहळू करडी भुकटी होते. इथे मी नेपोलियनला आणतो. १८१२ची रशियातली थंडी, गणवेशाला कथलाची बटणं, बटणांची झालेली भुकटी, आणि एका हातात बंदूक, दुसऱ्या हातात विजार धरून परतणारी फौज! ही दंतकथा आहे, हे मला पक्कं ठाऊक आहे. पण विजारीपाशी पाहुणे हसतात, आणि हसत्या पाहुण्यांपुढे पुरावे मांडण्याइतका मी अरसिक नाही.

परवा भाचीने विचारलं, "मामा, पुण्यातही पारा दहाच्या खाली जातो. मग आजीच्या पातेल्याची कल्हई का झडत नाही? ती कथलाचीच ना?" शून्याच्या बरंच खाली गेल्याशिवाय हा बदल वेग घेत नाही, आणि कथलात अँटिमनी किंवा बिस्मथचा अंश असला तरी तो अडतो, हे मी सांगितलं. मन मात्र पातेल्यातच अडकलं.

कल्हईवाला वाड्यात भाता लावायचा. तापलेल्या पितळेवर नवसागर पडला, की पांढरा धूर उठायचा. मग तो कथलाची कांडी टेकवून कापसाचा बोळा फिरवायचा आणि काळा तळ बोळ्यामागोमाग लखलखत जायचा. आई पातेलं उजेडाकडे धरून राहिलेला एखादा ठिपका हुडकायची आणि तेवढ्यासाठी भाता पुन्हा चालू करायला लावायची.

आता ते पातेलं माळ्यावर आहे. कल्हई कुठल्याही थंडीने गेली नाही, वापरून गेली. आणि पुन्हा लावायला कोणी उरलं नाही, कारण आम्ही सगळे स्टील आणि नॉनस्टिकवाले झालो. बिनकल्हईच्या पितळेत चिंच घातलेली आमटी कळकते, हे माझ्या भाचीला सांगूनही कळत नाही.

तेव्हा वाचकहो, तुमच्या भागात कल्हईवाला फिरत असेल, तर त्याला आमच्याकडे धाडा. मजुरी तो मागेल ती देईन. नेपोलियनची गोष्ट सांगणार नाही, हेही कबूल.