मनगटावरचे पांडित्य

पारनेरचं नाव पराशर ऋषींवरून पडलं असं सांगतात, तेव्हा इथल्या तरुणाने मनगटावर संस्कृत गोंदवावं हे रीतसरच आहे. व्याकरणाची चिंता नको. दुखतं ते सुईने, विसर्ग चुकल्याने नाही. गीतेचे श्लोक ७००, मनगटं दोनच. उरलेले पाठीवर घ्यावेत, म्हणजे शाळेतला संस्कृतचा तास बंद करून तिथे टॅटूवाला नेमता येईल. परीक्षेत मनगटावर लिहिलं की कॉपी म्हणून धरत, आता संस्कार म्हणतील. परंपराही अखंड राहते: हातावर गोंदलेला ‘राम’ आजीला वाचता येत नव्हता, नातवालाही श्लोक वाचता येत नाही. भरतीची तयारी करणाऱ्यांनी निश्चिंत असावं. कोपर ते मनगट, आतल्या बाजूचं गोंदण सैन्यात चालतं. शुद्धलेखन तिथे तपासत नाहीत.