अजून एक हात

गल्लीत नवा भाडेकरू आला की मी त्याला दोनच गोष्टी सांगतो. पाणी पहाटे साडेपाचला येतं, आणि भाऊंच्या हातात लाकडाची कुठलीही वस्तू द्यायची नाही. पहिली गोष्ट तो ऐकतो. दुसरी ऐकत नाही आणि पुढच्या महिन्यात तोंड पाडून दारात उभा राहतो. "भाऊंनी आमचा पोळपाट नेलाय. परत कधी देतील?"

देतील की. अजून एक हात बसला की देतील.

भाऊ घरी बंदुकीचे दस्ते करतात. बंदूक नव्हे, दस्ता. नळी, घोडा, चाप हे काम परवाना असलेल्या कारागिराचं, आणि भाऊंना त्यात रसही नाही. खांद्याला टेकवायचा, गालाशी घ्यायचा तो लाकडी भाग, तेवढा त्यांचा. गिऱ्हाइकं सगळी छर्र्याच्या बंदुकीवाली. नेमबाजीच्या क्लासची पोरं, माळ्यावर जुनी एअरगन सापडलेले हौशी, जत्रेत फुगे फोडायचा स्टॉल लावणारे. गिऱ्हाईक म्हणायचं ते आपलं सवयीनं. भाऊंनी आजवर कुणाकडून पैसा घेतलेला नाही, कारण पैसे काम पुरं झाल्यावर घ्यायचे असतात.

नोकरीत भाऊ धरणावर होते. ज्या प्रकल्पावर चिकटले, त्याच प्रकल्पावरून निवृत्त झाले. निरोपाच्या भाषणात साहेब म्हणाले, आता फक्त कालव्याचं अस्तरीकरण राहिलंय. सगळ्या सभागृहात गंभीरपणे मान डोलावली ती एकट्या भाऊंनी. बाकीचे हसले.

दस्ता हातात आला की भाऊ आधी माणसाचं माप घेतात. "कोपर दुमडा." दस्त्याचं बूड कोपराच्या खोबणीत आणि तर्जनी चापावर पोचते का बघायचं. मोठ्या माणसाला चापापासून बुडापर्यंत साधारण साडेतेरा ते चौदा इंच लागतात. हे माप घ्यायची त्यांना इतकी सवय झाली आहे की पुतणीला बघायला आलेल्या मुलाचंही त्यांनी चहा यायच्या आत घेतलं. "मुलगा चांगला आहे," आतल्या खोलीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "पण हात आखूड." नेमकी देण्याघेण्याची बोलणी चालली होती. पाहुण्यांनी चहा अर्धा ठेवला.

मग जुनं व्हार्निश काढायचं. त्यासाठी बाजारात औषध मिळतं, पण भाऊ फुटक्या काचेच्या धारेनं खरवडतात. काच लाकूड ओरबाडत नाही, हलकेच सोलते, असं त्यांचं म्हणणं. लाकडाला पोचा आला असेल तर ओलं फडकं ठेवून वर तापलेली इस्त्री. दबलेले तंतू वाफेनं फुगतात आणि खड्डा वर येतो. तंतू तुटले असतील तर मात्र येत नाही. हे सगळं मला वहिनींकडून कळलं, कारण इस्त्री त्यांची. त्यांच्या साड्यांवरचे तांबूस डागही त्याच इस्त्रीचे.

त्यानंतर पॉलिश पेपर. एकशेवीस, एकशेऐंशी, दोनशेवीस, तीनशेवीस, चारशे. आपल्याला वाटतं, झालं. भाऊ त्यावर ओलं फडकं फिरवतात, लाकडाची लव पुन्हा उभी राहते, ती वाळवून पुन्हा घासायची. मी एकदा विचारलं, "मुळात ओलं केलंच नाही तर?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी घरी आलो.

आणि मग जवसाचं तेल. तळहातावर चार थेंब, हाताच्या उबेनं चोळत चोळत मुरवायचं. तेल लावणाऱ्यांचा एक जुना नियम आहे. आठवडाभर रोज, मग महिनाभर आठवड्यातून एकदा, मग वर्षभर महिन्यातून एकदा, आणि पुढे आयुष्यभर वर्षातून एकदा. हा नियम भाऊंना कुणी सांगितला त्या माणसाच्या मी शोधात आहे. 'आयुष्यभर' हा शब्द सरकारी प्रकल्पावरून निवृत्त झालेल्या माणसाच्या हाती द्यायचा नसतो.

जवसाचं तेल पाण्यासारखं उडून वाळत नाही. ते हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं आणि त्यात उष्णता सुटते. फडकं पसरून ठेवलं तर काही होत नाही, बोळा करून टाकलं तर उष्णता आत कोंडते आणि कुणी काडी न लावता ते पेटू शकतं. भाऊंच्या न्हाणीघरातली बादली एका रात्री अशीच धुमसायला लागली. तेव्हापासून फडकी अंगणात दोरीवर पसरलेली असतात, आणि किती फडकी आहेत त्यावरून गल्लीला कळतं कुणाचं काम कुठवर आलंय. वहिनींनी एवढंच म्हटलं, "लग्नात मलासुद्धा एवढं तेल लावलं नव्हतं."

लाकूड दिसलं की भाऊंचा हात त्यावर जातोच. लग्नात वधूवरांच्या सिंहासनावरून त्यांनी नख फिरवलं आणि "प्लायवूड" असं वधूपित्याच्या कानात सांगून अक्षता टाकल्या. दस्त्याला त्यांच्या मते अक्रोड एकच, काश्मीरकडचा, त्यातही बुंध्याजवळचा, जिथे रेषा वळतात. वजनाला बेताचा, धक्क्याला चिवट, हवा बदलली तरी फारसा न वळणारा. शिसव देखणं, पण उचलताना खांदा बोलतो. साग तेलकट, वरचं तेल पिऊन घेत नाही, शिवाय त्यातली बारीक वाळू रंध्याची धार खाते. एका ओळखीच्यांच्या मयतीला गेलो होतो. लोक डोळे टिपत होते, भाऊ सरण न्याहाळत होते. "आंबा आहे," ते पुटपुटले, "ओला आहे." खरंच निघालं. इतका धूर झाला की मयताशी ज्यांचं कधी पटलं नव्हतं, त्यांच्याही डोळ्यांतून पाणी आलं आणि त्यांची अब्रू राहिली.

भाऊंची स्वतःची बंदूक एकच, वडिलांची बारा बोअरची दुनळी. वडील शिकारीच्या टोळीबरोबर जायचे. 1972 साली वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि दुनळी भिंतीवर गेली. परवाना भाऊंच्या नावावर झाला, त्याचं नूतनीकरण ते नेमानं करतात, पण त्यांनी ती कधी उडवल्याचं कुणी ऐकलेलं नाही. "कान दुखतात," म्हणतात.

या दुनळीमुळे भाऊ निवडणुकांच्या विरोधात आहेत. आचारसंहिता लागली की परवान्याची बंदूक ठाण्यात जमा करायची नोटीस येते. तिथे ती इतर बंदुकांच्या गर्दीत उभी राहते आणि मतमोजणीनंतर अंगावर ओरखडा घेऊन घरी येते. 2024 साली लोकसभा मे महिन्यात झाली. ओरखडा घासून भाऊंनी तेल चढवायला घेतलं आणि कोल्हापूरचा पाऊस सुरू झाला. दमट हवेत तेल वाळेना. दसरा आला, ऊन पडलं, आणि विधानसभेची आचारसंहिता लागली. चिकट दस्त्याची दुनळी पुन्हा ठाण्यात. कोण निवडून आलं हे आम्ही सांगायला गेलो तेव्हा भाऊ म्हणाले, "कुणी का येईना. उभी राहिलेली सगळी माणसं मिळून एक पोतेरं तरी देतील का बंदुकीखाली?"

त्याच वर्षी ऑगस्टच्या पहिल्या तारखेला आपल्या राधानगरीच्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे पॅरिस ऑलिंपिकमध्ये पन्नास मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ जिंकला. गल्ली टीव्हीसमोर उभी होती. 451.4 गुण, फटाके, पेढे. भाऊ पुढे जाऊन पडद्याला नाक लावून बसलेले. पोरांना वाटलं, निशाणा बघतायत. ते लाकूड शोधत होते. स्पर्धेच्या रायफलींचे दस्ते हल्ली बहुतेक ॲल्युमिनियमचे, गालपट्टी स्क्रूवर वरखाली होणारी. "पोरगं वाघ आहे," पेढा तोंडात टाकत ते म्हणाले. थोड्या वेळानं स्वतःशीच म्हणाले, "गार लागत असंल गालाला."

मुलगा बंगळुरूला आहे. येतो तेव्हा म्हणतो, पप्पा, ती दुनळी सरेंडर करा, माझ्याच्यानं परवान्याच्या फेऱ्या होणार नाहीत. चुकीचं काहीच बोलत नाही तो. भाऊ हो म्हणतात, आणि मागे मला हळूच दस्ता दाखवतात. सगळं लाकूड कितीदा तरी घासलंय, पण डाव्या अंगाला एक बोटभर लांबीची जागा जुन्या काळपट रंगाची ठेवली आहे. वडिलांचा गाल तिथे टेकायचा. तिथे भाऊंचा पॉलिश पेपर जात नाही. तेलाचा हात मात्र बसतो.

हे बघितल्यानंतर त्यांच्यावर रागावणं अवघड होतं. तरी फुगेवाल्यानं ते जमवलं. जोतिबाच्या चैत्र यात्रेत त्याचा स्टॉल असतो. यात्रेआधी त्यानं मोडकी छर्र्याची बंदूक टाकली. यात्रा आली, गुलाल उधळला, सासनकाठ्या डोंगरावर नाचून परत गेल्या, बंदूक भाऊंच्या अंगणात. तो संतापून आला. "भाऊ, फुगं फोडायला अक्रोड कशाला लागतोय ओ? खिळा मारून दिला असता तरी चाललं असतं!"

"नळी समोरच्यासाठी असती," भाऊ म्हणाले. "दस्ता आपल्यासाठी. पोरगं गाल टेकवतंय की त्याला. खिळा मारू?"

फुगेवाल्याला उत्तर सुचलं नाही, पण बंदूकही मिळाली नाही. ती मिळाली पुढच्या यात्रेला, आणि मिळाली ती अशी की तो स्टॉलवर लावायला लाजला. मग धंदेवाईक माणूस तो. इतर बंदुकांचे दहा रुपये, हिचे वीस. रांग हिलाच. गुलालानं माखलेली पोरं गाल टेकवायची आणि लाल गाल घेऊनच उठायची. दस्त्याला गुलाल लागला, घामाचे डाग पडले, चमक गेली. माझ्याबरोबर डोंगरावर आलेले भाऊ हे सगळं बाजूला उभं राहून बघत होते. मला वाटलं, आता हे बंदूक काखेत मारून निघणार.

त्यांनी वीस रुपये काढले. बंदूक उचलली, खांद्याला लावली, गाल टेकवला, एक डोळा मिटला. बराच वेळ तसेच राहिले. मागे रांग कुरकुरायला लागली. मग छर्रा न उडवता त्यांनी बंदूक जागेवर ठेवली.

"उडवा की भाऊ, पैसं दिलंयसा!" फुगेवाला ओरडला.

"फुगं ऱ्हाऊ देत पोरांना," म्हणून भाऊ गर्दीत शिरले.

फुगेवाल्यानं वीसची नोट कपाळाला लावून गल्ल्यात टाकली. मला म्हणाला, "असली चार गिऱ्हाइकं मिळू देत देवा. फुगं पुढच्या चैत्रापर्यंत पुरतील."