बॉनेटखालची पंगत

आपल्याकडे गाडीची पूजा होते, चौकशी होत नाही. दसऱ्याला कुठल्याही सोसायटीच्या पार्किंगमध्ये जा. गाड्या धुऊनपुसून उभ्या, झेंडूचे हार, बॉनेटवर हळदीकुंकवाचं स्वस्तिक, चाकाखाली लिंबू. सगळा थाट बॉनेटच्या वर. खाली ऑइल आहे की संपलंय हे बघायला एकही हात जात नाही. कुणी उघडलंच, तर घरातून हाक येते, ‘आता सणासुदीला हात काळे कशाला?’

मी मात्र अधूनमधून रविवारी, आणि घाट चढायचा असेल तर त्याआधी हमखास, बॉनेट उघडतो. काम पंधरा मिनिटांचं. जातो तास. कारण उघडलेलं बॉनेट तिसऱ्या मजल्यावरच्या काकांना गॅलरीतून दिसतं आणि ते खाली उतरतात. त्यांच्यामागून सोसायटीचे सेक्रेटरी येतात. त्यांच्याकडे गाडी नाही, पण मत आहे.

काकांबद्दल एक सांगायला हवं. लग्नाच्या पंगतीत जिलबी वाढावी तर त्यांनीच. पानावर आडवा धरलेला हात त्यांना दिसत नाही आणि ‘नको’ हा शब्द ऐकू येत नाही. गाडीच्या बाबतीतही त्यांचं धोरण तेच. कमी दिसलं की वाढा, आणि कमी नसेल तर आग्रह करा.

सुरुवात इंजिन ऑइलपासून. गाडी सपाट जागेवर उभी हवी, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटं झालेली हवीत, म्हणजे वर गेलेलं ऑइल तळाला उतरतं. मग पट्टी ओढायची, फडक्याने कोरडी पुसायची, पुन्हा पूर्ण आत घालायची आणि परत काढायची. जे दिसतं ते दुसऱ्यांदा खरं. पहिल्यांदा काढलेली पट्टी वरपर्यंत माखलेली असते; तिच्यावरून निदान करायला फक्त काका बसतात.

‘अर्ध्यावर आलंय रे. ओत डबा.’

‘काका, दोन खुणांच्या मध्ये आहे म्हणजे बरोबर आहे.’

‘मग राहू दे की थोडं जास्त. जास्तीने कुणाचं वाईट झालंय?’

इंजिनाचं होतं. बहुतेक छोट्या गाड्यांत खालची खूण ते वरची खूण हा फरक साधारण लिटरभराचाच असतो. त्यामुळे कमी असलंच तरी पाव-पाव लिटर घालून पुन्हा पट्टी बघायची. वरच्या खुणेच्या फार पुढे गेलं, तर खाली फिरणारा क्रँकशाफ्ट त्या ऑइलला घुसळून फेस आणतो, आणि फेसाने वंगण होत नाही. पंगतीतला पाहुणा निदान पान सोडून उठतो तरी. इंजिनाला तीही सोय नाही. जास्तीचं ऑइल खालचा बोल्ट उघडून काढावं लागतं, आणि त्याचे पैसे मेस्त्री वेगळे घेतो.

सेक्रेटरींनी तेवढ्यात पट्टीवरचा थेंब बोटांत चोळून वास घेतला. ‘काळं आहे,’ ते म्हणाले. डिझेल इंजिनात नवं ऑइलही थोड्याच दिवसांत काळं पडतं. काजळी धरून ठेवणं हे त्याचं कामच आहे. घाबरायचं ते दुधाळ कॉफीसारखं दिसलं तर. म्हणजे त्यात पाणी किंवा कूलंट शिरलंय, आणि मग गाडी चालू करायचीच नाही.

यानंतर काका पॉवर स्टिअरिंगच्या ऑइलची बाटली शोधू लागले. डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, बॅटरीमागे हात घातला. हल्लीच्या बहुतेक गाड्यांत स्टिअरिंगला विजेची मोटर असते, ऑइल नसतंच, हे मी सांगितलं. काकांना ते पटलं नाही. ‘कंपनीवाले वाचवतात रे,’ म्हणाले, आणि रेडिएटरकडे वळले. इथे मात्र मी त्यांच्या आणि झाकणाच्या मध्ये उभा राहिलो.

गरम इंजिनाचं रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही. फडकं धरूनही नाही, तोंड वळवूनही नाही, ‘हळूच’ही नाही. त्या झाकणामुळे आतलं पाणी दाबाखाली असतं, म्हणून ते शंभर अंशांच्या वर गेलं तरी उकळत नाही. झाकण फिरलं की दाब गेला, आणि तेच पाणी क्षणात वाफ होऊन अंगावर येतं. यावर काकांनी बाही वर केली. मनगटापासून कोपरापर्यंत एक जुना, गुळगुळीत, फिकट पट्टा. ‘खंबाटकी घाट. आमची फियाट,’ ते अभिमानाने म्हणाले. हा पट्टा ते अनुभवाचा दाखला म्हणून दाखवतात.

पातळी बघायला झाकण उघडावंच लागत नाही. शेजारी अर्धपारदर्शक प्लास्टिकची टाकी असते, तिच्यावर दोन रेघा असतात. भरायचंच तर इंजिन पूर्ण गार झाल्यावर, पुस्तिकेत सांगितलेलं कूलंट. नळाचं पाणी नको, बोअरचं तर नकोच. त्यातले क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत थर धरतात. अडीअडचणीला डिस्टिल वॉटर चालतं, पण मग मिश्रण नंतर नीट करून घ्यावं. आणि उरलेलं कूलंट पाण्याच्या रिकाम्या बाटलीत भरून जिन्याखाली ठेवण्याची आपली काटकसर कृपा करून इथे नको. त्यात बहुधा इथिलीन ग्लायकॉल असतं. ते चवीला गोड आणि विषारी. हिरवं कूलंट लहान मुलांना सरबत वाटतं, आणि सांडलेलं कुत्रं चाटतं. सांडलं तर लगेच भरपूर पाण्याने धुवा, मग काका काहीही म्हणोत.

शेजारी नवी डिझेल गाडी होती. बीएस-6 नियम 1 एप्रिल 2020 पासून आले, तेव्हापासून काही डिझेल गाड्यांना धूर स्वच्छ करण्यासाठी निळ्या झाकणाची वेगळी टाकी असते. तिच्यात शुद्ध पाण्यातलं 32.5 टक्के युरियाचं द्रावण जातं. युरिया ऐकताच सेक्रेटरींना गावाकडचं पोतं आठवलं. शेतीच्या युरियाला निंबोळी तेलाचा लेप असतो हो. उसाला चालतो, गाडीला नाही. आणि हे द्रावण चुकून डिझेलच्या टाकीत गेलं, तर चावीला हातसुद्धा लावू नये, गाडी ओढून न्यावी.

काच धुण्याच्या पाण्यापाशी मी काकांना मोकळं सोडलं. तिथे आग्रहाला जागा आहे. तोंडापर्यंत भरलं तरी गाडी तक्रार करत नाही. ते मनापासून ओतत होते.

राहता राहिलं ब्रेक ऑइल, आणि वाढप्यांचा सगळ्यात मोठा घोळ इथेच होतो. पॅड झिजतात तशी या छोट्या डबीतली पातळी आपोआप हळूहळू उतरते. ती उतरणं हीच सूचना असते. तिथे डबी काठोकाठ भरली, की सूचना बंद; आणि नवे पॅड बसवताना तेच ऑइल वर येऊन सांडतं व रंग खाऊन टाकतं. शिवाय हे ऑइल हवेतली ओल शोषतं आणि ओलसर ऑइल लवकर उकळतं, म्हणजे उतारावर नेमका ब्रेक दगा देतो. गेल्या वर्षीची उघडी अर्धी बाटली म्हणूनच कामाची नाही, कितीही जीव तुटला तरी.

तेव्हा ब्रेक ऑइल उतरलेलं दिसलं, तर आधी पॅड तपासून घ्या. पातळी खालच्या खुणेच्याही खाली असेल किंवा पेडल खोल जात असेल, तर गाडी गॅरेजपर्यंतसुद्धा चालवू नका. मेस्त्रीला तिथेच बोलवा, आणि तो येईपर्यंत आपल्या सोसायटीतल्या काकांना चहा पाजून वरच्या मजल्यावर बसवून ठेवा.