झिजलेली अक्षरं, नवी कोरी

परभणीत पाटी जुनी करायला पैसे पडत नाहीत. मे महिन्यात पारा ४२-४३ला टेकला की ते काम ऊन फुकटात करतं. पेंटरनं कितीही जीव ओतून 'किराणा भांडार' लिहो, काही उन्हाळ्यांत अनुस्वार गळतो आणि 'भाडार' उरतं. त्यातही स्वस्तातला लाल आधी विटतो, काळा टिकतो. म्हणून आमच्या गल्लीतल्या भिंतीवर 'येथे थुंकू नये' मधलं ठसठशीत लाल 'नये' कधीच उडालं. उरलेल्या सूचनेचं नागरिक मनापासून पालन करतात.

अशा गावात भाच्यानं वसमत रोडला 'गावरान मटण खानावळ' काढली आणि पाटीसाठी मुद्दाम झिजलेला फॉन्ट निवडला. कडा उंदरानं कुरतडल्यागत, जागोजाग रंग उडाल्याचे चट्टे. "मामा, ह्याला रस्टिक म्हणतेत. गिऱ्हाइकाला चुलीचा फील येतो." चूल आत होती, गॅसची.

फ्लेक्स आला तेव्हा गल्ल्यावर दाजी होते. त्यांनी पोऱ्याला दारातच धरलं. "शाई संपली व्हती काय रे? अर्धेच पैसे भेटतील." पोरगं मशीनच्या शपथा घेत राहिलं आणि दाजी ऑइलपेंटचा डबा आणून चट्टे बुजवायला बसले.

तेवढ्यात मी पाटी जवळून पाहिली. दोन्ही 'न'च्या डोक्यावर तीच खोच, पोटात तोच चट्टा. खरी झीज अशी रेशनसारखी सारखी वाटली जात नाही. जाणते फॉन्टकार म्हणूनच एकेका अक्षराचे दोन-तीन अवतार करतात, ते आलटूनपालटून येतात. शिवाय इंग्रजी अक्षरं एकमेकांना न शिवता उभी राहतात, आपल्याकडे शिरोरेषा. एकाची कुरतडलेली रेषा संपते तिथेच दुसऱ्याची जुळली पाहिजे. भाच्याच्या पाटीवर ती जुळली नव्हती, त्यामुळे 'गाव' आणि 'रान' यांचा सातबारा वेगळा झाला होता.

कमल शेडगे (१९३५–२०२०) नाटकांची नावं हातानं रेखाटायचे. अक्षरावरूनच नाटकाचा स्वभाव कळे. तिथे खडबडीतपणा आलाच तर त्या नावापुरता. फॉन्टचा खडबडीतपणा मात्र भाड्याच्या मांडवासारखा, बारशालाही तोच, तेराव्यालाही तोच. हल्ली तो सेंद्रिय गुळाच्या पाकिटावर असतो, भुताच्या सिनेमावर असतो. परवा चौकात 'भावी नगरसेवक' त्याच अक्षरांत दिसले. निवडणूक लागायचीय अजून, आणि माणूस आत्ताच झिजलेला.