खुर्चीचं भाडं

ग्रीसच्या ऱ्होड्स बेटावरच्या जुन्या शहरात बिअर मागवली की वेटर फक्त एवढंच विचारतो, ‘मोठी की लहान?’ उन्हाने कावलेला माणूस ‘मोठी’ म्हणतो आणि टेबलावर बूट येतो. काचेचा बूट. त्यात लिटर, कधी दोन लिटर बिअर. शेजारचे लोक फोटो काढतात, गिऱ्हाईकही हसून पोझ देतं. बिल आल्यावर कळतं की बूट नेमका कुठे बसला. दरपत्रक मागितलेलंच नसतं. वेटर इतका गोड बोलत असतो की भाव विचारणं म्हणजे पाहुणचाराचा अपमान वाटावा.

हा प्रकार ज्या रस्त्यावर हमखास घडतो त्या रस्त्याचं नाव सोक्रातूस, म्हणजे सॉक्रेटिसचा रस्ता. आयुष्यभर प्रश्न विचारत हिंडलेल्या माणसाचं नाव लावलेल्या रस्त्यावर एकही पर्यटक किंमत विचारत नाही. रस्ता उतरून खाली आलं की इप्पोक्रातूस चौक लागतो. तिथे वैद्यकाचा जनक हिप्पोक्रेटिस. बिल बघून भोवळ आलीच तर सोय आहे.

‘ऱ्होड्समध्ये स्वस्त बार कुठे?’ हा प्रश्न मला अधूनमधून विचारला जातो. विचारणारे पुण्याचे असतात, लंडनला राहणारे मराठी असतात, ग्रुप टूरमधून निसटलेले काका असतात. प्रश्नातच घोळ आहे. ऱ्होड्समध्ये दारू महाग नाही. महाग आहे ती खुर्ची. त्यातही समुद्राकडे तोंड केलेली खुर्ची. तिच्यावर बसून तुम्ही साधं पाणी प्यायलात तरी बिल तटबंदी बघितल्याचंच येणार.

माणसं आत घ्यायची कशी, हे या शहराला कुणी शिकवायला नको. १३०९ साली सेंट जॉनचे सरदार आले आणि दोनशेहून अधिक वर्षं राहिले. १५२२ मध्ये उस्मानी सुलतान सुलेमानच्या फौजेला सरदार शरण येईपर्यंत सहा महिने तटाबाहेर ताटकळावं लागलं. आज त्याच तटाला खेटून क्रूझ जहाज लागतं आणि दोन हजार माणसं चालत चालत, आइस्क्रीम खात आत शिरतात. १९१२ मध्ये इटालियन आले, दुसऱ्या महायुद्धानंतर बेट ग्रीसकडे आलं, १९८८ मध्ये जुनं शहर युनेस्कोच्या यादीत गेलं. या शेवटच्या घटनेनंतर कॉफीचं काय झालं असेल, ते सांगायला इतिहासकार नको.

मांद्राकी बंदरावरच्या कॅफेंची तर कमालच आहे. तिथे बसून माणसं बंदराच्या तोंडाकडे टक लावून बघतात. तिथे काय आहे? दोन खांबांवर एक हरीण आणि एक हरिणी. आणि काय नाही? कोलोसस. सूर्यदेवाचा तो काशाचा अजस्र पुतळा इसवी सनपूर्व २२६ च्या सुमाराच्या भूकंपात गुडघ्यातून मोडून पडला. उभा राहिला असेल पन्नास-साठ वर्षं. तो बंदराच्या तोंडावर दोन पाय फाकून उभा होता, हेही आता अभ्यासक मानत नाहीत. म्हणजे जी वस्तू सव्वादोन हजार वर्षांपूर्वी पडली आणि बहुधा तिथे नव्हतीच, तिच्या दर्शनाचा आकार फ्राप्पे कॉफीच्या किमतीत धरलेला आहे. धंदा शिकावा तर इथे.

नव्या शहरात गेलं की ओर्फानिदू रस्ता. सगळे त्याला ‘बार स्ट्रीट’ म्हणतात. इथे मात्र पाट्या ओरडून ओरडून स्वस्ताई सांगतात. एकावर एक. शॉट फुकट. हॅपी अवर. तास कसला, तो दुपारी सुरू होतो आणि तुमचं भान जाईपर्यंत चालतो. बसलेली माणसं स्वीडन, नॉर्वे, इंग्लंडची. त्यांच्या गावी बिअरचा भाव असा असतो की ऱ्होड्समध्ये प्रत्येक ग्लासाला आपण पैसे वाचवले असं त्यांना वाटतं. आठ ग्लास प्यायले की आठपट बचत. हा हिशेब मराठी माणसानेही करून बघायला हरकत नाही, पण आपण युरोला शंभराने गुणतो आणि दुसऱ्या ग्लासातच घशाला कोरड पडते.

फुकटच्या शॉटबद्दल एक ग्रीक शब्द कानावर असू द्या : ‘बोंबा’. भेसळीच्या दारूला ग्रीक लोक असं म्हणतात. बाटली नामांकित, आतला ऐवज बेनामी. दुसऱ्या दिवशी डोकं का फुटतंय हे शोधायला पोलीस लागत नाहीत, पण ग्रीक सरकार अधूनमधून धाडी घालतं आणि बाटल्या जप्त करतं. तेव्हा बार स्ट्रीटवर बसायचंच असेल तर बिअर घ्या, आणि तीही समोर उघडलेली. बाटलीबंद बिअरमध्ये कुणाला फारशी कलाकुसर करता येत नाही.

आता करांकडे जरा बघू, कारण तिथे गंमत आहे. ऱ्होड्सवर पूर्वी विक्रीकराची सवलत होती. बेट म्हणजे सगळं जहाजाने आणायचं, म्हणून मुख्य भूमीपेक्षा तीस टक्के कमी दर. २०१५ मध्ये ग्रीसचं दिवाळं वाजलं, कर्ज देणाऱ्यांनी अटी घातल्या, आणि त्या वर्षीच्या १ ऑक्टोबरला ऱ्होड्ससह काही श्रीमंत बेटांची सवलत गेली. पुढच्या वर्षी दर आणखी वाढून २४ टक्क्यांवर आला. शेजारच्या कोस बेटाची सवलत निर्वासितांमुळे टिकली. कर्ज देणाऱ्यांत सगळ्यात मोठा हात जर्मनीचा. आज ऱ्होड्सच्या किनाऱ्यावर पालथा पडलेला जर्मन ‘बिअर किती महाग केली हो तुम्ही’ म्हणून कुरकुरतो, तेव्हा वेटर काही बोलत नाही. नुसता हसतो. ते हसू मात्र करमुक्त आहे.

मग ऱ्होड्सचा माणूस पितो कुठे? तो बारमध्ये कमीच जातो. तो जेवायला बसतो आणि दारू जेवणाच्या अंगाने येते. जुन्या शहरात सोक्रातूस सोडून कुठल्याही बोळात वळा, दोन वळणं घ्या, वाळत घातलेले कपडे दिसू लागले की दर उतरायला लागलेच समजा. आरिओनोस चौकाकडे, तुर्की हमामाच्या आसपास, संध्याकाळी टेबलं लागतात. तिथे दारात उभं राहून हाताला धरून ओढणारा इसम नसतो. ग्रीकमध्ये त्या इसमाला ‘क्राख्तिस’ म्हणतात. तो दिसला की आपण समोरच्या फुटपाथला जावं. चांगल्या खानावळीला बोंबलणारा माणूस पोसायची गरज पडत नाही.

आत बसलात की बाटली मागू नका. ‘हीमा’ मागा, म्हणजे पिंपातली सुटी वाइन. ती किलोवर मिळते. हो, किलोवर. अर्धा किलो, पाव किलो. लिटरने मोजायची वस्तू ग्रीक माणूस वाण्याच्या मापाने मागतो आणि पत्र्याच्या नाहीतर काचेच्या कुप्पीत ती येते. लेबल नाही, साल नाही, ‘ओकच्या पिंपाचा गंध’ वगैरे भाषण नाही. कधी उत्तम असते, कधी दात आंबवते. पण पाव किलोची किंमत बहुतेक वेळा बार स्ट्रीटवरच्या एका कॉकटेलहून कमी असते, आणि चव नाही आवडली तर पाव किलोवर भागतं. वाइनचे जाणकार नाक मुरडतील. मुरडू देत. नाक मुरडण्याचेही पैसे बाटलीतच धरलेले असतात.

लेबलवालीच हवी असेल तर बेटाची स्वतःची आहे. १९२८ मध्ये इटालियन अमलात ‘काइर’ नावाची वाइनरी निघाली, ती अजून चालू आहे. अथिरी द्राक्षांची पांढरी वाइन, आणि फेसाळणारीही, शॅम्पेनसारखी बाटलीत दुसऱ्यांदा आंबवून केलेली. सुपरमार्केटमधून घेतली तर फ्रेंच लेबलच्या तुलनेत चिल्लर वाटेल अशा पैशात लग्नाचा वाढदिवस साजरा होतो. बिअरही इथलीच मिळते. तिचं नाव ‘माग्नुस मागिस्तेर’. सरदारांच्या मुख्याची ही पदवी. दोनशे वर्षं राज्य केल्यावर माणसाच्या नावाची शेवटी बिअरच निघते. आपल्याकडच्या पुढाऱ्यांनी याची नोंद घ्यावी, निदान बारशाला हजर राहायला तरी मिळेल.

आणि उझो, बडीशेपेच्या स्वादाची ग्रीक दारू. उझो पेगवर पिणारा माणूस पर्यटक. तो लहान कुप्पीत, साधारण दोनशे मिलिलिटरच्या ‘काराफाकी’त मागवायचा, दोघातिघांत वाटायचा. पाणी घातलं की दुधाळ होतो, कारण बडीशेपेच्या जातीचं तेल पाण्यात विरघळत नाही. हे दृश्य बघून आपल्याकडचे लोक पहिल्यांदा दचकतात, मग तीनदा पाणी घालून बघतात. ग्रीसमध्ये उझो आणि त्सिपुरो या गावच्या गाळीव दारूंना इतर कडक दारूच्या निम्मं उत्पादनशुल्क आहे. सरकारनेच वाट दाखवली आहे : गावचं प्या, स्वस्त प्या. आयात व्हिस्की मागवणाऱ्याने कुरकुरू नये.

बरोबर काहीतरी खायला लागतंच. ऱ्होड्सचे पितारूदिया मागवा. हरभरे वाटून, त्यात कांदा, टोमॅटो, पुदिना घालून तळलेले वडे. आपल्या डाळवड्याचाच चुलतभाऊ, फक्त मिरची विसरून आलेला. शाकाहारी मंडळींनी मेन्यूत सलाडच्या पलीकडे बघितलं तर हे सापडतं. पण ती मंडळी ‘ग्रीसमध्ये खायला काहीच नाही हो’ असं ठरवून निघालेली असतात. ठरवून निघालेल्या माणसाला कोण काय खिलवणार?

डोंगराकडच्या सिआना गावात ‘सूमा’ मिळतो. द्राक्षांचा रस काढल्यावर उरलेल्या चोथ्यापासून गाळलेली, रंगहीन, सरळ बोलणारी दारू. गाव मधासाठीही प्रसिद्ध आहे, त्यामुळे दुकानात दोन्ही बाटल्या शेजारी शेजारी असतात. बायकोला मध दाखवायचा, सूमा आपोआप येतो. शहरातल्या घरगुती खानावळीत जेवण झाल्यावर असाच एखादा छोटा ग्लास न मागता पुढे येतो, बिलात न धरता. या फुकटावर संशय घेऊ नका. बार स्ट्रीटवरचा फुकट तुम्हाला आत ओढायला असतो, हा तुम्हाला निरोप द्यायला.

ज्याला जेवायचंही नाही, नुसतं प्यायचं आहे, त्याच्यासाठी ‘पेरिप्तेरो’ आहे. रस्त्याच्या कडेची टपरी. सिगारेट, वर्तमानपत्र, च्युइंगगम, आणि फ्रिजमध्ये थंड बिअर. अर्ध्या लिटरचा डबा दोन युरोच्या आसपास, म्हणजे बंदरावरच्या बिअरच्या निम्म्याहून कमी. तो घेऊन एल्ली किनाऱ्यावर दगडगोट्यांवर बसता येतं, कुणी हटकत नाही. १९४९ च्या दारूबंदी कायद्याच्या छायेत, ‘परमिट रूम’च्या काळ्या काचेआड प्यायला शिकलेल्या महाराष्ट्रीय माणसाला हे पचायला वेळ लागतो. तो डबा वर्तमानपत्रात गुंडाळतो. ग्रीक आजी त्याच्याकडे बघत राहते, की हा इसम नेमकं लपवतो काय?

आणि विद्यार्थी. एजियन विद्यापीठाचा मानव्यविद्या विभाग ऱ्होड्स शहरात आहे. जिथे शिक्षक व्हायला निघालेली पोरं आहेत तिथे महाग बार टिकणार नाही, हा नियम जगभर लागू आहे. नव्या शहरात, किनाऱ्यापासून आत, जिथल्या पाट्या फक्त ग्रीकमध्ये आहेत, तिथे ही पोरं एका फ्रेद्दो एस्प्रेसोवर तीन तास काढतात. बिअर घेतली तर बरोबर पाण्याचा ग्लास आणि शेंगदाणे येतात, त्यांचे पैसे नाहीत. कुणी ‘अजून काही?’ विचारायला येत नाही. आपल्याला उलट याचाच अपमान वाटतो. ‘सर्व्हिस स्लो आहे’ असा शेरा लिहून आपण उठतो, आणि बुटाकडे चालू लागतो.

बिलाचं एक राहिलं. ग्रीसमध्ये कायदा असा की कायदेशीर पावती मिळाली नाही तर गिऱ्हाईक पैसे द्यायला बांधील नाही. दुकानात, मेन्यूवर तसं लिहून लावायची सक्ती आहे, ग्रीक आणि इंग्रजीत. दरपत्रकही बाहेरून दिसेल असं ठेवावं लागतं. म्हणजे ज्याची तक्रार करत लोक घरी येतात ते सगळं भिंतीवर लिहिलेलं असतं. चिठोऱ्यावर पेनाने आकडा लिहून आणला तर शांतपणे ‘अपोदिक्सी’ एवढा एक शब्द म्हणायचा. म्हणजे पावती. आकडा पुष्कळदा स्वतःच खाली येतो. पण हे सोक्रातूसवर बूट रिकामा केल्यावर आठवत नाही; जिभेवर तेवढी अक्षरं जमतही नाहीत.

इतकं सांगूनही काहीजण पुन्हा विचारतात, ‘ते ठीक आहे, पण बारचं नाव सांगा ना.’ नाव सांगून उपयोग नाही, नाव छापलं की तिथे पुढच्या मोसमात बूट येतो. त्यापेक्षा आत शिरताना वेटरला विचारा, ‘जानेवारीत उघडं असतं का?’ चार्टर विमानं नोव्हेंबरात थांबली की अर्धं पर्यटनी ऱ्होड्स कुलूप लावून अथेन्सला जातं. ‘नाही’ म्हणाला तर मुकाट्याने पुढच्या बोळात वळा. ‘हो, नाही तर काय’ असं जरा चिडून म्हणाला, तर बसा, आणि पाव किलो सांगा.