ओला आवाज

२०२३ साली वाशीम जिल्ह्यातल्या सारसी गावात एका म्हशीनं मंगळसूत्र गिळलं. सोयाबीन-भुईमुगाच्या टरफलांत ते ठेवलेलं होतं आणि टरफलं म्हशीपुढं गेली. गुरांच्या डॉक्टरांनी पोटावरून मेटल डिटेक्टर फिरवून खात्री केली, पोट उघडून दागिना काढला आणि साठएक टाके घातले. बातमी सगळीकडं गाजली, पण तिचा भोग आला आमच्या गावच्या म्हशींच्या वाट्याला. कारण आमच्या गावात मशीनअण्णा आहेत.

तुमच्याकडं कदाचित मशीन नसेल, नारळ असेल किंवा कडुलिंबाची फांदी असेल. पण जमिनीखालचं मलाच कळतं म्हणणारा माणूस प्रत्येक गाव पोसतंच. अण्णा तर पायाळू. पायाळू माणसाच्या डोळ्यांत अंजन घातलं की गुप्तधन दिसतं, असं जुनी माणसं म्हणायची. अण्णांनी डोळ्यांऐवजी कानाला लावलं, एवढीच प्रगती.

मशीन पुण्याच्या जुन्या बाजारातलं. दांड्याला थाळी, एक बटण, कानाला डबे. काटा नाही, आकडा नाही. आत दोन लहरी घुमत असतात. थाळीखाली धातू आला की एकीचा सूर ढळतो आणि घूं-घूं चढते. खिळा असो की नथ, घूं-घूं तीच. नवीन मशिनी थोडाफार फरक सांगतात. तरी बारीक अंगठी आणि औषधाच्या बाटलीचं ॲल्युमिनियमचं सील यांत त्याही चकतात. अण्णा चकत नाहीत. बोट वर करून, डोळे मिटून ते जाहीर करतात, "आवाज ओला हाय."

लोखंडाचा आवाज कोरडा, सोन्याचा ओला, असं त्यांचं शास्त्र. धाराशिव जिल्ह्यात ओलं म्हणून काही ऐकू येणारा हा एकमेव माणूस. तळहातावर नारळ उभा राहिला म्हणून पाचशे फूट बोअर मारणारे आम्ही. अण्णांना कुठल्या तोंडानं हसणार?

तर म्हशी. आमच्या गोठ्यात शिरून त्यांनी थाळी म्हशीच्या पोटाखाली धरली आणि बोट वर गेलं. "ओला हाय." म्हशीच्या पोटातला आवाज ओला नसेल तर कशातला असेल? जनावरं कडब्याबरोबर तार-खिळे गिळतातच. गावातली जवळपास प्रत्येक म्हैस वाजली, आणि प्रत्येक ओली वाजली. आई म्हणाली, "अण्णा, पोटात सोनं असतं तर दोन लिटरवर ठेवलं असतं का तिनं आमाला?" यात अण्णांचाच दोष आहे असंही नाही. १८८१ साली अमेरिकेचे अध्यक्ष गारफिल्ड यांच्या अंगातली गोळी शोधायला टेलिफोनवाल्या ग्रॅहम बेलनं असंच यंत्र आणलं होतं. खाटेतल्या पोलादी स्प्रिंगांनी त्याची दिशाभूल केली म्हणतात. अण्णा तिथं असते तर गारफिल्डही ओले निघाले असते.

आमची काळी माती म्हणजे झिजलेला बसाल्ट. त्यात चुंबकी लोहखनिजाचे कण असतात, त्यामुळं जुनं मशीन नुसत्या ढेकळालाही घुमतं. सोयाबीन काढताना कुणाचा मणी पडला, कुणाची फुली पडली की अण्णा हजर. आजवरची कमाई अशी: बैलाच्या पायाच्या पत्र्या, नांगराचा फाळ, मोटारीचे नट आणि खुरप्याची पाती. पडलेली फुली बहुतेक वेळा घरातच, गादीखाली सापडते. तिथं आवाज कोरडा आला असता, असं अण्णा म्हणतात.

कायद्याला मात्र ते फार भितात. १८७८ च्या कायद्यानुसार जमिनीत दडलेलं दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं धन सापडलं तर कलेक्टरला लेखी कळवावं लागतं. दहा रुपये! बैलाची पत्री मोडीत तेवढ्याला जाते की काय, म्हणून अण्णांनी ती भंगारवाल्याकडून तोलून घेतली होती.

तेरला मी त्यांना मुद्दाम नेलं, मशीन घरी ठेवायला लावून. रोमशी व्यापार करणारं जुनं तगर ते हेच. तिथल्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी आयुष्यभर वेचलेल्या वस्तूंवर आज सरकारी संग्रहालय उभं आहे. हस्तिदंती बाहुली, भाजक्या मातीच्या मूर्ती, शंखाच्या बांगड्या, दगडी मणी. अण्णा काचेपुढं बराच वेळ उभे राहिले आणि मग वैतागून म्हणाले, "ह्यातलं येकबी वाजत न्हाय की रं!"

हे सगळं मी चवीनं सांगत राहिलो असतो, पण मध्ये लोहारा तालुक्यात एका जुन्या गावठाणावर त्यांच्याबरोबर गेलो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपात तिथल्या दगडमातीच्या भिंती आणि वरची जड माळवदं झोपलेल्या माणसांवर बसली. वाचलेल्यांची गावं दुसरीकडं वसली. तिथल्या एका पडलेल्या घरातली बाई आईची बोरमाळ शोधून द्या म्हणून अण्णांकडं आली होती. अण्णा शोधायचे पैसे घेत नाहीत. हे सांगायचं मी इतका वेळ टाळत होतो.

तिथं मशीन थांबेचना. कडी, कुलूप, बिजागरी, पातेली, पावलापावलाला घूं-घूं. बाई तोंडाकडं बघत होती. अण्णांचं बोट एकदाही वर गेलं नाही. "कोरडा हाय, ताई." चार हात पुढं गेल्यावर पुन्हा, "हितंबी कोरडाच." खुरपं त्यांनी पिशवीतून काढलंच नाही. मी कानाचे डबे मागून घेतले. आमच्या म्हशीखाली ऐकलेला तोच आवाज होता.

बाई "असू द्या" म्हणाली आणि आम्हाला चहाला घेऊन गेली. चहा पिताना अण्णांनी तिला बोरमाळेत मणी किती होते, ती कुणी घडवली होती, असं बरंच विचारलं. तिनंही सगळं सांगितलं.

परत येताना फाट्यावर एस्टीला उशीर होता. अण्णांनी सवयीनं बांधावर थाळी फिरवली आणि बोट वर गेलं. या वेळी खुरपं मी घेतलं. ढेकळं फोडून वीतभर खाली गेलो तेव्हा बैलाची एक गंजकी पत्री निघाली.

"थुंकी लावून पूस की," अण्णा म्हणाले, "वरून गंज दिसतोय नुसता."