शिडाची चाळ

आमच्या मेव्हण्याचं बालपण गिरगावातल्या चाळीत गेलं. सामाईक संडास, ठरलेल्या वेळी येणारं पाणी, एका खोलीत आठ माणसं. त्यातून सुटायला तो इंजिनिअर झाला, बाणेरला तीन संडासांचा फ्लॅट घेतला. आणि गेल्या जूनमध्ये हजारो युरो मोजून परत चाळीत राहायला गेला. या चाळीला शीड होतं. वाटेकरी म्हणून आम्हीही होतो.

ग्रीसमधल्या लेफ्काडाहून इथाका बेटाकडे, आठवडाभर. हा आठवडा शनिवारी संध्याकाळी पाचला सुरू होतो. शुक्रवारी संध्याकाळी बोट धक्क्याला परत आणायची आणि शनिवारी सकाळी नऊला रिकामी करायची. आपले मंगल कार्यालयवाले उगाच बदनाम आहेत.

बोट स्वतः चालवायची तर तिथे परवाना लागतो, शिवाय बोटीतलं कळणारा आणखी एक जण. मेव्हण्याकडे खंबाटकी घाटात रात्री गाडी हाकल्याचा अनुभव होता. तो धरला गेला नाही. मग तांडेल घेतला. त्याला रोजचा पगार, आपल्या ताटातलं जेवण आणि स्वतंत्र केबिन. केबिनी चार, जोडपी तीन. भाचा सातही रात्री जेवणाच्या टेबलाशेजारच्या बाकावर झोपला.

पहिल्या संध्याकाळी तांडेलाने वादळाबद्दल दोन मिनिटं सांगितलं आणि संडासाबद्दल वीस. जे तुम्ही खाल्लेलं नाही, ते यात जाता कामा नये. कागदसुद्धा नाही, तो पिशवीत. मग खटका इकडे करून दांडा वीसदा वर-खाली, खटका तिकडे करून पुन्हा वीसदा. रात्री दोनला ती खचाखच सुरू झाली की अख्ख्या बोटीला कळायचं. कोण उठलंय, ते दांड्याच्या लयीवरून ओळखू यायला लागलं.

टाकी चारशे लिटरची, माणसं आठ. दुसऱ्या दिवशी वहिनींनी पाण्याचा कारभार हाती घेतला. अंघोळ समुद्रात, वर आल्यावर फवाऱ्याखाली दहा आकडे मोजायचे. ‘नळ बंद कर रे!’ ही हाक आयोनियन समुद्रावर दिवसभर घुमत होती.

आणि शीड? सकाळी वारा पडलेला असायचा, त्यामुळे इंजिन. दुपारी वायव्येचा वारा सुटला की दोन तास शीड. तेवढ्यात फोटो काढून घ्यायचे, मग पुन्हा इंजिन, कारण उशीर झाला तर फिस्कार्दोच्या धक्क्यावर जागा मिळत नाही. डिझेल आपलं, टाकी भरून परत द्यायची.

धक्क्याला लागायचं म्हणजे समोर नांगर टाकायचा आणि उलटं येत दोन बोटींच्या फटीत शिरायचं. सकाळी शेजारच्या जर्मन आजोबांनी नांगर उचलला, तो आमची साखळी घेऊनच वर आला. आजोबा काही बोलले नाहीत, नुसते बघत राहिले. मेव्हणा मात्र सवयीने ‘आम्ही आधी लावली होती’ असं मराठीतून सांगत होता.

ओडिसियसला ट्रॉयहून इथाकाला पोचायला दहा वर्षं लागली. त्याला शनिवारी नऊला बोट परत द्यायची नव्हती. आम्ही तिथे एक रात्र थांबलो.

परतल्यावर चौथ्या दिवशी सोसायटीत नोटीस लागली: पाणी सकाळी फक्त दोन तास. मेव्हण्याने ग्रुपवर तीन परिच्छेदांचा निषेध नोंदवला, ‘आपण काय चाळीत राहतो का?’ डीपीला शीड होतंच.